पोनिमिनचे दोन लाख वीस हजार

सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत पोनिमिनची रोजची कमाई लहानथोरांना तोंडपाठ होती, कारण ती त्यानेच सगळ्यांकडून पाठ करून घेतली होती. "बरा आहेस ना?" असं कुणी विचारलं, तरी उत्तरात "दिवसाला दोन लाख वीस हजार रुपिया" हे यायचंच. आमच्याकडे चहाच्या कपालाही हजारांत रुपिया मोजतात, तरी आकडा मोठाच. गडी खोटारडा मुळीच नव्हता. दिवसभर फोनवर गिऱ्हाइकं घ्यायची, मोटरसायकलवर मागे बसवून पोचवायची, आणि संध्याकाळी पारावर बसून खिसा मोजायचा. खिशात दोन लाख वीस हजार निघायचे. आता खिशात निघालं ते कमावलं, यात कुणाला काय शंका असणार?

शंका होती ती बायकोला. यातिनी कोपऱ्यावर सकाळी पालेभाजी-भाताचं दुकान लावायची. पुड्या बांधता बांधता तिचा हिशेब तोंडी चालायचा, आणि तो कधी चुकायचा नाही.

यातिनीचा थोरला भाऊ हार्तोयो एका गोदामात मुकादम होता. गोदामाच्या फाटकावर माणूस हवा होता. महिना वीस लाख रुपिया, दिवसपाळी, बसायला खुर्ची. मेहुण्यासाठी त्याने जागा दोन आठवडे अडवून ठेवली होती. उत्तर रविवारी द्यायचं होतं.

फाटकाचं नाव काढलं की पोनिमिन विषय बदलायचा. तो अकरा वर्षं कापडगिरणीत होता. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. गिरणी बंद पडली, त्याने गाडी घेतली, आणि बोलायला सुरुवात केली ती आजतागायत थांबली नव्हती. बाजारातून परतणाऱ्या म्हाताऱ्या मागे बसायच्या आणि उतरेपर्यंत सुनांच्या तक्रारी सांगायच्या. हा सुनांच्या बाजूने भांडायचा. फाटकाशी कोण भांडणार?

"असं करू, पाक्ने," शनिवारी दुपारी यातिनी म्हणाली. पोरीचे बाबा म्हणून ती त्याला पाक्ने म्हणायची आणि तो तिला बुने. "घराला तुमच्याकडून महिन्याला पंधरा लाख लागतात. भाडं, शाळा, तांदूळ, सगळं धरून. खरे पंधरा लाख निघाले तर गाडी चालवा. नाही निघाले तर उद्या दादाला हो म्हणायचं."

"पंधरा?" पोनिमिन हसला. "अगं, पंचवीस दिवस धर. पंचावन्न लाख होतात! तुझ्या दादालाच मी फाटकावर ठेवीन."

"आणि ते पंचावन्न लाख आहेत कुठे?"

"बचत चाललीय ना! रोज संध्याकाळी चव्वेचाळीस हजार फोनमध्ये टाकतो की नाही?"

यातिनीने हातातली पुडी खाली ठेवली. "दोन वर्षं टाकताय. काढा बरं ती बचत. बघू तरी."

पोनिमिनने ऐटीत फोन उघडला. शिल्लक एकोणीस हजार. त्याने फोन झटकला. तरी एकोणीस हजारच.

झालं होतं असं, की प्रवासी पैसे रोख द्यायचे, आणि फोनवर गिऱ्हाइकं जोडून देणारी कंपनी आपला पाचवा हिस्सा फोनमधल्या ठेवीतून गुपचूप कापून घ्यायची. ठेव संपत आली की फोन रुसायचा, गिऱ्हाईक द्यायचा नाही. पोनिमिन बिचारा दोन वर्षं कंपनीचं पोट भरत होता आणि त्याला स्वतःची बँक समजत होता. कंपनीने काही लपवलं नव्हतं, बरं का. सगळं फोनमध्ये लिहिलेलं होतं. पण फोनमध्ये लिहिलेलं वाचायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"राहिले एक लाख शहात्तर हजार," यातिनी म्हणाली. "पेट्रोल?"

"पस्तीस हजार."

"कॉफी, भजी, सिगारेटी?"

"तो काय गाडीचा खर्च आहे?"

"मग गाडी चालवताना ओढू नका."

"बावीस हजार," पोनिमिन पडेल आवाजात म्हणाला.

ऑइल, टायर, ब्रेक मिळून तेरा हजार गेले. फोनचं इंटरनेट सहा. गाडीचा हप्ता रोजचा तीस हजार पडला. पोनिमिन बायकोच्या तोंडाकडे नापास झालेल्या पोरासारखा बघत होता. शेवटी आकडा उरला तो सत्तर हजारांचा.

"पंचवीस दिवसांचे साडेसतरा लाख," यातिनी म्हणाली.

"पंधराच्या वर आहेत!" तो उडालाच. "जिंकलो!"

"आणि लग्नाची पाकिटं कोण घालतं? तुम्ही, एकेकात लाख. महिन्याला चार लग्नं कुठे गेली नाहीत. साडेतेरा उरले."

गल्लीत बाकीचे लोक लग्नाच्या पाकिटात पन्नास हजार घालायचे. पण दिवसाला दोन लाख वीस हजारवाल्याने पन्नास घालायचे म्हणजे नाक कुठे ठेवायचं?

"म्हणजे दर महिन्याला दीड लाख कमी पडत होते," तो हळूच म्हणाला. "मग घर कसं चाललं?"

यातिनी पुडीला रबर लावत राहिली. पोनिमिनला मग उमगलं. गेली दोन वर्षं ही "दुकान जरा मंदच आहे" म्हणत होती, आणि दुकानापुढे तर रोज रांग असायची. ना कधी टोमणा, ना पारावर त्याचा आकडा खोडणं. त्याच्या बढाईचं भाडं ती भाजीभातातून भरत होती.

"बुने, अगं सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही रात्रीपण गाडी काढली असती. पोरीला बाप घरात दिसू दे म्हटलं."

पोनिमिनने उठून तिची भांडी घासायला घेतली. वाईट घासली. तिने ती नंतर गुपचूप पुन्हा घासली.

"उद्यापासून मीपण पाकिटात पन्नासच घालतो," भांड्यांवरून तो म्हणाला. "दोन लाख वाचले, म्हणजे साडेपंधरा!"

"वा! लोक म्हणतील, दोन लाख वीसवाला कंजूष झाला. एक तर पन्नासचं पाकीट राहील, नाहीतर तुमचा आकडा. दोन्ही नाही ठेवता येणार."

रविवारी दुपारी गल्लीची भिशी होती. सगळे चटयांवर बसले होते, चिठ्ठी निघायची होती. हार्तोयोने भिंतीला टेकून विचारलं, "काय मग, पोनिमिन? काय ठरलं?"

पोनिमिन उभा राहिला. घसा खाकरला. सगळ्यांनी मान खाली घातली, दोन लाख वीस हजार ऐकायची तयारी म्हणून.

"मी दिवसाला सत्तर हजार कमावतो," तो म्हणाला. "बाकी कंपनीचे, पेट्रोलचे आणि सिगारेटचे. आणि घर यातिनीने चालवलं. मला कालच कळलं."

कोपऱ्यातून कार्सी काकू अशा कडाडल्या की बाहेरची कोंबडी दचकली. गेल्या महिन्यात त्यांच्या पोराचं लग्न झालं होतं.

"अरे मेल्या, मग माझ्या लग्नघरात लाख कशाला घातलेस? वहीत लिहून ठेवलेत मी! तुझ्या पोरीच्या लग्नात मला लाख परत घालायला नकोत का? आत्तापासून डब्यात टाकतेय मी!"

"मीपण टाकतोय!" शिंपी वार्सिदी म्हणाला.

"आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात," आणखी कुणी म्हणालं.

पोनिमिनची पोर तिसरीत होती. तिच्या लग्नासाठी अर्धी गल्ली दातओठ खाऊन पैसे साठवत होती! सगळे एकदम हसत सुटले. कार्सी काकूंनी पदर सावरत निकाल दिला, "आजपासून तुझं पाकीट पन्नास. त्याच्यावर एक रुपिया दिसला तर पाकीट तोंडावर फेकीन." आणि जाताजाता त्याच्या हातात केळीची भजी कोंबली. आजवर त्याला श्रीमंत समजून कुणी भजी दिली नव्हती.

पोनिमिन हार्तोयोजवळ जाऊन बसला. "मास," थोरल्या भावाला म्हणतात तसं तो म्हणाला, "तुम्ही जागा अडवून ठेवलीत. इतकं कुणी करत नाही. पण घराचे पंधरा आता गाडीतून निघतात. वर पन्नास हजार उरतात."

हार्तोयो हसला. "सत्तर हजार म्हणालास ते बरं केलंस. तुझा तो आकडा ऐकून मलाच मुकादमकी सोडावीशी वाटायची." मग त्याने मान वळवली. "काकू, तुमचा नवरदेव पोरगा काय करतो सध्या?"

"झोपतो," कार्सी काकू म्हणाल्या.

सोमवारी सकाळी नवरदेव गोदामाकडे निघाला तो पोनिमिनच्याच गाडीवर. फाटकाशी उतरून त्याने नऊ हजार रोख दिले. पोनिमिनने ते खिशात घातले, ओठ हलवत मनातल्या मनात कंपनीचा वाटा काढला, आणि खूश होऊन म्हणाला, "सात हजार दोनशे! पेट्रोल अजून धरायचंय."