बुटक्या भिंतीत अडकला तेव्हा

मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या शुक्रवारी ठरणार होतं, आणि मी एका भिंतीपायी रडकुंडीला आले होते. भिंत खरी नव्हती. स्क्रीनवरची होती.

हिंजवडीत एका कंपनीत मी गेम तपासायचं काम करायचे. आमच्या नेरे गावात सगळ्यांना वाटायचं, पोरगी दिवसभर खेळते आणि पगार घेते. खेळून बघा म्हणावं एकच जिना सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मग बोला! तेव्हा आमच्याकडे एक जुना गेम नव्याने बाजारात आणायचं काम आलं होतं. हातात कंदील घेतलेला एक बुटका गडी मनोरा चढतो, एवढीच त्याची गोष्ट. त्याचे तीन भाग निघालेले होते. आता पहिलाच परत काढायचा, पण होता तसा कोण घेणार? म्हणून पुढच्या भागांतलं चांगलंचुंगलं उचलून त्यात घातलं होतं. दुसऱ्या भागातून दुहेरी उडी आणली, म्हणजे हवेत असतानाच अजून एक उसळी मारायची. तिसऱ्यातून सेव्ह आणलं. मूळच्या पहिल्या भागात मजल्यावरच्या घंटेपाशी पोचल्याशिवाय खेळ सेव्ह व्हायचा नाही. तिसऱ्यात मात्र वाटेल तिथे बटण दाबलं की काम झालं.

गुरुवारी दुपारी माझा गडी भिंतीच्या आत जाऊन बसला. बाजूला नाही, आत! हात हलेना, पाय हलेना. सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडला, तरी भिंतीतच. सकाळपासूनची सगळी चढाई पाण्यात गेली. मी यादीत बग, म्हणजे गेममधली चूक, नोंदवला आणि आमच्या टीमच्या लीडला बोलावलं. पुण्यातला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

"परत करून दाखव," तो म्हणाला.

दाखवता येईना. कोड लिहिणारा एक वऱ्हाडातला मुलगा होता, त्यानेही डोकं घातलं. गडी आपला टुणकन भिंतीवरून जायचा, जसं काही झालंच नाही.

"याआधीही तुझे बग पुन्हा दिसले नव्हते," लीड म्हणाला. "उद्या संध्याकाळी सहाला गेम सीडी छापायला जाणार आहे. त्याच्या आत दाखव, नाहीतर बग बंद कर. मग आपल्याला तुझ्या नोकरीबद्दल बोलावं लागेल."

 वडील कामाला होते तो उरवड्याचा कारखाना बंद पडल्यापासून घरात येणारा पगार फक्त माझा होता. मी घरी आले की वडील आधी माझं तोंड बघायचे. त्या संध्याकाळीही बघितलं. मी सरळ चुलीपाशी जाऊन बसले.

शुक्रवारी सकाळी आई गेम खेळत होती. हो, आई! सरावासाठी म्हणून मी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, आणि तो बाईने बळकावला. भाकऱ्या झाल्या की पदर खोचून तिसरा भाग लावायची. पहिला तिने कधीच सोडून दिला होता. घंटेपाशी पोचायच्या आत लाइट जायची आणि मग पहिल्यापासून सुरू करा. तिसऱ्यात कुठेही सेव्ह करता येतं म्हणून तो लाडका. आता पहिल्यातही ते येणार, हे मी तिला सांगून बसले होते, तेव्हापासून रोज एकच पाढा, "कधी आनतीस त्यो पयला? त्या घंटंला एकदा हात लावायचाय मला."

आमच्याकडे तेव्हा लाइट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. गच्चीवर उभं राहिलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती लखलख दिसायच्या आणि आम्ही इकडे अंधारात मच्छर मारत बसायचो. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेलेली. लाइट गेली की तो दोनचार श्वास किंचाळायचा आणि बंद. तेवढ्यात सेव्ह केलं तर केलं.

त्या सकाळीही तो किंचाळला. गडी उडी मारून हवेत, आणि आईने फाडकन बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली.

"अगं, हवेत होता ना तो!" मी म्हणाले.

"आसंना. आदी ठेवायचं, मंग बघायचं कुटं हुता," आई म्हणाली.

मी डबा अर्धवट भरलेला तसाच टाकून उठले. गुरुवारी दुपारी शेजारच्या पँट्रीतला मायक्रोवेव्ह अगदी यूपीएससारखा पीं पीं करत होता! तो आवाज ऐकून माझंही बोट आपोआप बटणावर गेलं असणार. ज्यांच्याकडे लाइट जात नाही ते कशाला हवेत सेव्ह करतील? म्हणून त्यांचा गडी भिंतीत अडकत नव्हता.

नेमका त्याच दिवशी मारुंजीच्या रस्त्यावर खडीचा डंपर आडवा झालेला. आमची सिक्स सीटर रिक्षा हलेना. ड्रायव्हर मजेत तंबाखू मळतोय. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी उतरून चालत सुटले, आणि ऑफिसात पोचले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

लीड मागे येऊन उभा राहिला. पहिल्या वेळी मी घाईत लवकर दाबलं, काही झालं नाही. त्याने घड्याळ बघितलं.  दुसऱ्या वेळी गडी दुसऱ्या उसळीच्या अगदी टोकाला, भिंतीच्या बरोबर डोक्यावर आला, तेव्हा दाबलं. खेळ बंद केला, उघडला. गडी भिंतीत!

"आयला!" वऱ्हाडातला मुलगा ओरडला. त्याच्या लगेच ध्यानात आलं. हवेत सेव्ह केलेला गडी उघडताना सरळ खाली उतरवायचा, ही तिसऱ्या भागाची रीत. तिसऱ्यात खाली जमीन असायची. इथे दुसऱ्या भागाच्या उडीने तो इतका वर पोचायचा की खाली पहिल्या भागाची भिंत यायची. उडीत खोट नव्हती, सेव्हमध्येही नव्हती. दोन्ही एकत्र आली आणि गड्याचा जीव गेला.

"छान पकडलंस," लीड म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "सोपं आहे. सेव्ह काढून टाकू, मूळची घंटा राहू दे. तू बग बंद कर. सोमवारी तुझं कायमचं पत्र तयार ठेवायला सांगतो."

झालं होतं की माझं काम! फक्त हो म्हणायचं होतं. ऑफिसात मी जीभ फार सांभाळायचे, शुद्ध बोलायचे. पण तोंडातून निघालं ते असं, "न्हाई करनार."

"काय?"

"सेव्ह काढू नका, नीट करा. लाइट गेली तर माणसानं काय करायचं?"

"हा गेम जिथे विकणार आहेत तिथे लाइट जात नाही."

"आमच्याकडं जाती. हितनं खिडकीतनं दिसतंय त्या गावात जाती!"

सगळ्या खुर्च्या आमच्याकडे वळल्या. लीडचा चेहरा दगड झाला. तरीही खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

"पाय टेकलेले असतील तरच सेव्ह होईल, असं करून बघू का?" मुलगा हळूच म्हणाला.

"सहाच्या आत झालं तर ठेवा," लीड म्हणाला आणि निघून गेला.

सहा वाजेपर्यंत आम्ही पाणीसुद्धा प्यायलो नाही. तो लिहायचा, मी प्रत्येक भिंतीवर उड्या मारायचे. एका मजल्यावर गडी पुन्हा अडकला तेव्हा मुलाने कपाळावर हात मारला, पुन्हा लिहिलं. शेवटची भिंत पार झाली आणि गेम गेला. सेव्हसकट गेला.

सोमवारी पत्र आलं नाही. माझी उमेदवारीची मुदत वाढवली, सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही म्हणून. वाढवलेली मुदत संपली तेव्हा घरी पाठवलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, रागाने रडले. निघताना त्या मुलाने नव्या गेमची माझी प्रत आणून हातात दिली. तपासणाऱ्या सगळ्यांना मिळाली होती.

दुपारीच घरी पोचले तेव्हा वडील दारात होते. त्यांनी माझं तोंड बघितलं.

"कायम केलं का गं?" आईने विचारलं.

"न्हाई."

 तिने माझ्या हातातली सीडी घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि लावली. घंटा दिसायला लागली होती, तोच यूपीएस किंचाळला. गडी हवेत. आईने बटण दाबलं, काही होईना. "मेल्या, टेकव की पाय!" ती ओरडली. गड्याचे पाय टेकले, तिने दाबलं, आणि अंधार झाला.

लाइट यायला संध्याकाळ झाली. तिने हात पुसत गेम उघडला. बुटक्या भिंतीच्या पायथ्याशी कंदील धरून उभा होता.

"हितंच हुता की गं!" आई म्हणाली. मी दारातच उभी होते. तिने बाजूची चटई थोपटली. "ये, बस हितं. आता कुटं जायाचंय तुला?"