एका खिळ्याची सूचना

माझ्या आईच्या हातात कधीही, कुठेही माईक देऊ नये. हे मला बदलापूरच्या त्या हॉलमध्ये कळलं, पण तोवर तिने तो घेतला होता.

मुळापासून सांगते. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही मायलेकी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राहतोय. आधी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात, मग अंबरनाथला, आता बदलापुरात बेलवलीला. मालक बदलतात, करारातली एक अट काही बदलत नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे बाबांचा फोटो तीन वर्षं फ्रिजवर. फ्रिज सुरू झाला की थरथरतो आणि बाबा हळूहळू सरकत कडेला येतात. मग आई त्यांना मागे ढकलते. "बसा हो जरा एका जागी!" जिवंतपणी जे ऐकलं तेच बिचारे अजून ऐकतायत. हार घातला की तो खाली लोंबतो आणि फ्रिजच्या दारात अडकतो. मला हसूही यायचं आणि सगळ्या मालकांचा भयंकर रागही.

अशात बातमी आली की घरं कुणालाच परवडेनाशी झालीत, म्हणून देशाचं घरांचं धोरण नव्याने लिहिणार आहेत, आणि लोकांच्या हरकती-सूचना ऐकायला दोन साहेब बदलापूरला येणार आहेत. मी तर पेटूनच उठले. रात्रंदिवस खपून भाडेकरूंच्या बाजूने मुद्दे काढले. करार तीन वर्षांचा हवा, मनात येईल तेव्हा बाहेर काढता कामा नये, वगैरे. आई म्हणाली, "मीपण येते. इथे एकटी बसून काय करू?"

हॉलमध्ये बिल्डर लोक एफएसआयवर बोलले. एक काका नुसते पार्किंगवरच बोलत राहिले, शेवटी त्यांना हाताला धरून बसवावं लागलं. आमच्या रांगेत माईक आला, मी हात पुढे केला, आणि मधल्यामध्ये आईने तो पटकावला.

"साहेब, परवडणारी घरं तुम्ही बांधालच. माझं एवढंच म्हणणं आहे, भाड्याच्या घरात एक खिळा ठोकू द्या. एकच. पण कायद्याने."

सगळा हॉल हसला. साहेबांनी पेन उचललं, काय लिहावं ते कळेना, परत ठेवलं. "आजी, हा विषय धोरणात बसत नाही हो."

"देशाच्या धोरणात एक खिळा बसत नाही? अगं बाई, केवढंसं आहे मग ते धोरण?"

मी तिचा पदर ओढत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक माणूस उठला. आमचा घरमालक! इथलाच गाववाला, शेतकरी.

"साहेब, मालकाचापण ऐका," तो म्हणाला. "बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा भाताचा शेत होता. शेत गेला, बदल्यात या चार भिंती भेटल्या. त्यांनापण भोकं पाडू देऊ काय?"

त्याचा आवाज भरून आला होता. खरं सांगते, मलाही वाईट वाटलं. आईला नाही वाटलं.

"अरे बाबा, शेतात बैल बांधायला खुंटा ठोकत होतास ना?"

"ठोकत होतो."

"मग शेत फुटलं का तुझं?"

टाळ्या, शिट्ट्या, काय विचारू नका. साहेबसुद्धा हसले आणि घाईघाईने पुढचं नाव पुकारलं. माझे मुद्दे पर्समध्येच राहिले.

रिक्षात मी आईला फाडून खाल्लं. "चार महिन्यांनी करार संपतोय. आता करून देईल तो नवा? बांध परत बोचकी!"

"बांधू की," आई म्हणाली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मालक. मला वाटलं, आला घर खाली करायला सांगायला. पण त्याच्या हातात हातोडी होती.

"कुठं ठोकायचा ते बोल मावशे. एकच हां."

तीन वर्षं थांबलेल्या आईला आता जागा ठरवता येईना. इथे ऊन येतं, तिथे ट्यूबलाइट चमकते, समोर टीव्ही नको, दिवसभर सिरियल बघायला लागेल. तो बापडा हातोडी घेऊन तिच्यामागे या भिंतीवरून त्या भिंतीवर. पहिला खिळा वाकला. दुसऱ्याला प्लास्टरचा पोपडा पडला. "काय पण बांधलाय साल्यांनी," त्याने स्वतःच्याच बिल्डिंगला शिवी घातली. तिसरा बसला.

त्याला वाटलं होतं, घड्याळ असेल. मी फोटो आणला तसा त्याने हातोडी खाली ठेवली, हात जोडले. "आधी बोलायचा ना," असं काहीतरी पुटपुटला, आणि फोटो स्वतःच्या हाताने लावला.

आई बघत राहिली. मग ती मटकन पलंगावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"फ्रिजवर होते तोवर वाटायचं, हेपण आपल्यासारखेच, सामान आवरून बसलेत, कुठेतरी निघायचंय. आता भिंतीवर लागले. आता खरंच गेले गं."

मालक तर पार गोंधळून गेला. एकदा फोटोकडे बघे, एकदा आईकडे.

"मावशे," तो हळूच म्हणाला, "काढू काय परत?"

आईने पदराने डोळे पुसले.

"हात तर लावून बघ."