तोंड नितीनचंच होतं

"आई, आमटी वाढ," नितीन म्हणाला आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तोंड माझ्या मुलाचं हललं, पण आवाज दुसऱ्याच माणसाचा — जाड, घशातला. समोर बसलेली नात म्हणाली, "आजी, हू इज दॅट टॉकिंग?"

रविवारची दुपार, लख्ख ऊन, अमेरिकेत सनीव्हेलचं आमचं अपार्टमेंट. मी चौथी शिकलेली बाई, पण भूत, करणी असलं कधी मानलं नाही. मानणाऱ्यांच्या तोंडावर हसले आहे. आता काय म्हणू... तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझी धाकटी जाऊ सुशीला इथेच जवळ फ्रीमाँटला असते. तिच्या मुलाने, मंदारने टाउनहाउस घेतलं. वास्तुशांतीला गेले तर ही स्वयंपाकघरातला एकेक ड्रॉवर ओढून दाखवते. "बघा वहिनी, आपोआप हळू बंद होतो!" माझ्या पोटात नुसती आग. हा मंदार शाळेत नितीनच्या वह्या उतरवून पास झाला. नोकरीही तशीच मिळवली — व्हिडिओवर इंटरव्ह्यू, उत्तरं फोनवरून भलताच माणूस देतो, हा फक्त ओठ हलवतो. सुशीलानेच हसत हसत सांगितलं.

तेव्हा नितीनची नोकरी गेली होती. व्हिसाचा नियम असा, की साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर सगळ्यांनी भारतात परत जायचं.

"आई, ते चीटिंग आहे. मला नाही जमणार."

"मंदारला जमतं. तूच तेवढा हरिश्चंद्र लागून गेलास?"

रोज टोचलं. शेवटच्या आठवड्यात त्याने ऐकलं. इंटरव्ह्यूच्या वेळी लॅपटॉपच्या मागे फोन मी धरला. हात भरून आला तरी हलवला नाही. त्या फोनमधून बोलला तोच आवाज... शुक्रवारी नोकरीचं पत्र आलं आणि रविवारी तो आमच्या टेबलावर आमटी मागत होता.

डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं. सगळं नॉर्मल. फोनवरच्या त्या माणसाचा नंबर लागत नाही. ऑफिसात काही अडत नाही, तिथे नितीनचा हाच आवाज माहीत आहे. घरी तो बोलत नाही, मान हलवतो.

मी सुशीलाला तिच्या घरी गाठलं. "मंदारला काही झालं का गं?"

"काय व्हायचंय? काहीतरीच तुमचं, वहिनी."

तेवढ्यात वरून मंदार ओरडला, "आई, चहा कुठाय माझा?" लहानपणचाच किनरा, चिरका आवाज.

"आणते रे, जरा दम धर!" ती वैतागून म्हणाली.

तिचं घर बघून जळले नव्हते, इतकी त्या क्षणी जळले.

मंदारला काही नाही आणि नितीनलाच का, ते मला आजही ठाऊक नाही. झालं ते माझ्या मुलाला. लॅपटॉपमागे फोन धरून बसले होते, ती मी.