घास कुणाच्या हातचा

माझ्या लेकीच्या उष्टावणाला माझा भाऊ निपाणीहून पहिल्या बसने आला. मामाच्या मांडीवर भाचीला बसवलं. त्याने चांदीच्या चमच्याने तांदळाची थोडी खीर तिच्या ओठांत सोडली आणि तिने ती जशीच्या तशी त्याच्या नव्या शर्टावर परत केली.

"मामाचा मान मामालाच," माझा नवरा म्हणाला. सगळे हसले. मी आईला म्हटलं, "आता तू भरव."

"गॅसवर दूध हाय, उतू जाईल," म्हणून आई आत गेली. मी मागोमाग गेले. गॅसवर काहीच नव्हतं. आई ओट्यापाशी उगाच उभी होती.

त्या दिवशी मी ते मनावर घेतलं नाही. मला दुसरीच काळजी होती. मी बेळगावजवळ, सांबऱ्याच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बाळंतपणाची रजा वाढवत वाढवत दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत आणली होती. सुट्टी संपली की हजर व्हायचं होतं. नवरा कारखान्यात, सकाळीच बाहेर पडायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिरनवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बाळाजवळ राहायला आई निपाणीहून आली होती. म्हणजे मी शाळेत असताना बाळाने आईच्या हातून जेवणं भाग होतं. नाही जेवलं, तर पुन्हा रजेचा अर्ज, आणि या वेळी तो मंजूर होईल असं मला वाटत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ही नोकरी मिळाली तेव्हा आईने गल्लीत घरोघरी साखर वाटली होती. ती नोकरी माझ्या एकटीची आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

मी जोरात तयारीला लागले. मऊ रबरी चमचे आणले, न सांडणारी वाटी आणली. नाचण्याची पेज केली, भोपळा वाफवून कुस्करला, गुरगुट्या भात मुगाच्या वरणात कालवला. लेक चमचा लांबून बघायची आणि ओठ असे मिटायची की जणू कुणी कुलूप घातलंय. नवरा रात्री येऊन सुरू करायचा, "हा घास काऊचा, हा घास चिऊचा, हा घास बसच्या कंडक्टरचा, हा घास हेडमास्तरांचा." हेडमास्तरांच्या घासाला ती फुर्रकन थुंकायची. ती माझ्याच शाळेचा राग काढतेय, असं तो म्हणायचा.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. बाई हसल्या. "चमचा नको म्हणते तर हाताने भरवा की. नखं कापा, हात धुवा, बस्स. आपण सगळे तसेच वाढलो."

घरी येऊन मी बोटाने भात भरवला. लेकीने आ केला, गिळला, आणि पुन्हा आ केला! मला एवढा आनंद झाला की मी स्वयंपाकघरात ओरडत गेले. आई लसूण सोलत बसली होती.

"सुटला प्रश्न! तिला फक्त हात पाहिजे होता. डॉक्टर म्हणाल्या, आपण सगळे तसेच वाढलो."

"सगळे न्हाय," आई म्हणाली. "तू न्हाय वाढलीस."

"म्हणजे?"

"तुला मी कधी भरवलंय? आठीव बघू."

मी आठवायला लागले. मला भरवणारा हात आठवला, पण तो माझ्या थोरल्या बहिणीचा होता.

आईने उभं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि संध्याकाळपर्यंत बोटं पिवळी. त्याच सुपातून आमची फी निघाली, माझं बी.एस्सी. निघालं, बी.एड. निघालं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तिने पुढे जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"थोरलीला भरवलतं एकदा. सूप बाजूला ठिवलं, हात पदराला पुसलं, आन दूध-भाकरी घातली तोंडात. पोरगी ओकून ओकून अर्धी झाली. डोळं फिरवलं तिनं. तुझी आजी म्हणाली, तंबाखू गेला पोटात. तवापासनं म्या कुणाच्या लेकराच्या तोंडात बोट घातलं न्हाय. आमच्या गल्लीत असंच हुतं. आया पाजायच्या, आन भरवायच्या थोरल्या पोरी."

"अगं, पण आता विड्या सोडून किती वर्षं झाली!"

"हाताला कॅलेंडर वाचता येतंय व्हय?"

मी तिचे दोन्ही हात ओढून नाकाशी धरले. "बघ, साबणाचा वास येतोय नुसता."

"तुला न्हाय यायचा दुसरा. तू त्या वासातच वाढलीस."

मग मी तिला फळ्यासमोर उभी राहिल्यासारखं समजावलं. तंबाखूतलं विष पाण्याने कसं धुऊन जातं, बोटांची कातडी कशी झडून नवी येते, इतक्या वर्षांत ती किती वेळा बदलली असेल. आईने शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"लई छान शिकवतीस गं," ती म्हणाली. "आता चमचा दे इकडं."

सुट्टीचे शेवटचे दिवस होते. मी मुद्दाम लेकीला आईजवळ ठेवून बाजारात गेले. परत आले तर घराला कडी. शेजारच्या घरातून आवाज येत होता. शेजारच्या आक्का कानडी बोलणाऱ्या, गोल हसऱ्या. लेक त्यांच्या मांडीवर होती आणि त्या बोटाने भरवत होत्या, "उण्णु, कंदा, उण्णु." जेव बाळा, जेव. लेक मजेत जेवत होती. माझी आई वाटी आणि फडकं धरून लग्नातल्या वाढप्यासारखी बाजूला उभी होती.

"बघ, जेवली का न्हाय?" आई मलाच विजयाने म्हणाली. "हात कुणाचा बी चालतोय तिला."

"मी येते की रोज दुपारी," आक्का म्हणाल्या. "पण घरात आजी असताना माझा हात कशाला, ते सांगा आधी."

"तुमचा हात लई गोड हाय, आक्का," म्हणून आईने विषय संपवला.

मीही वाद घातला नाही. लेक जेवतेय ना, मग झालं, असं म्हटलं आणि शाळेत हजर झाले. मुलींनी फळ्यावर बाळाचं चित्र काढून स्वागत केलं होतं. मधल्या सुट्टीत घरी फोन लावला.

"आक्का आल्या?"

"आक्का लोंढ्याला गेलीया. भनीच्या नातवाचं बारसं हाय. सकाळीच गेली." मागून लेकीचं रडणं ऐकू येत होतं.

"आणि पलीकडच्या काकू?"

"कुलूप हाय. समोरच्या बी कामाला गेल्यात. चमचा दावला तर लाथ मारून उडीवला तिनं. ठिव फोन, बघते मी."

त्यानंतर तिने फोन उचललाच नाही. मी आठवीला काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. पहिल्याच दिवशी लवकर जाऊ का, असं हेडमास्तरांना कोणत्या तोंडाने विचारणार? शेवटची घंटा झाली तशी स्कूटर काढली आणि अख्खं बेळगाव ओलांडून घर गाठलं. वाटेत मनाशी राजीनाम्याच्या अर्जाचा मजकूरसुद्धा जुळवून झाला होता.

दार उघडंच होतं. लेक गोधडीवर हात-पाय पसरून गाढ झोपली होती, हनुवटीवर भाताचं शीत वाळलेलं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या मुठीत धरलं होतं.

"काय झालं?"

"चावली गं मला."

मी बोट बघितलं. टोकाला बारीकशी लाल खूण होती. मी हेल्मेटसकट वाकून झोपलेल्या लेकीचा खालचा ओठ हळूच खाली ओढला. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलं होतं. सकाळी मला ते दिसलं नव्हतं.

"दात आलाय, आई!"

"मला काय सांगतीस? मला आधी कळला."

"म्हणजे तू भरवलंस?"

"मग काय करू? हुंदकं द्यायला लागली. समद्यांची दारं वाजवून आले. मग धुतलं हात. साबणानं धुतलं, बेसनानं धुतलं, लिंबू चोळलं. आन पैलं मीच बोट चोखत बसले, बराच येळ."

"कडू लागलं?"

"लिंबाचं आंबट लागलं. म्हणून पुन्यांदा धुतलं."

"मग?"

"मग तिनं आ केला." आईने स्वतःच्या नकळत तोंड उघडून दाखवलं. "पिल्लागत. म्या इवलंसं लावलं आन वाट बघितली, ओकती का. ती माझ्याकडं बघतीया, मी तिच्याकडं. न्हाय ओकली. मग वाटी संपस्तोवर जेवली आन शेवटाला चावली." ती पुन्हा बोटाकडे बघायला लागली. मी हेल्मेट काढलं. आई हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती खांद्याला पुसत होती, कारण ते बोट तिला मुठीतून सोडायचं नव्हतं.

रात्री नवरा आला तेव्हा लेकीच्या दुसऱ्या जेवणाची वेळ झाली होती. आई मांडी घालून, पुढ्यात वाटी घेऊन बसलेली बघून तो दारातच थबकला. मग खुशीत येऊन म्हणाला, "द्या इकडं, कंडक्टरचा घास मी भरवतो."

आईने वाटी मागे ओढली. "आधी हात दावा, जावईबापू."

त्याने दोन्ही हात पुढे केले. आईने ते उलटसुलट करून बघितले, नाकाशी नेले आणि तोंड वाकडं केलं.

"मशीनचं तेल. जावा, धुऊन या."

तो मोरीत गेला, धुऊन आला, शहाण्या मुलासारखे हात पुढे केले. आईने पुन्हा हुंगले.

"नखांत हाय अजून. बेसन लावा."

"अहो आई, तोवर ती झोपेल!"

"झोपत न्हाय. मी भरवतीया की तवर," आई म्हणाली आणि बोटावर भाताचा चिमुकला घास घेऊन लेकीकडे वळली. मोरीतून बेसनाचा डबा कुठे आहे म्हणून हाका ऐकू येत होत्या. आम्ही दोघींनी त्याला सांगायची काही घाई केली नाही.