गोदामपालाचा मुंबईतला मंगळवार

माझ्या सेवेतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कलम आठवतं तर गाव आठवत नाही, गाव आठवतं तर आरोपीचा चेहरा. हा तपास मात्र माझ्या पायांनासुद्धा आठवतो, कारण त्यातला निम्मा मी चालत केला, आणि तोही आमच्या हद्दीपासून साडेचारशे किलोमीटरच्या वर.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मंठा भागात फौजदार होतो. मे महिना, पेरणीच्या आधीची धांदल. गावाबाहेर एका बियाणे व्यापाऱ्याचं गोदाम होतं. बुधवारी सकाळी तिथला गोदामपाल स्वतःच ठाण्यात आला. कपाशीच्या संकरित बियाण्याच्या बेचाळीस पेट्या कमी होत्या. जाऊन पाहिलं तर कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत, छपराचा पत्राही शाबूत. किल्ल्या दोनच. एक जालन्यात मालकाकडे, दुसरी गोदामपालाच्या करदोड्याला. पंचनामा चालू असताना आमचे हवालदार माझ्या कानाशी आले. तीस वर्षांची नोकरी झालेला, जाफराबादकडचा माणूस. म्हणाले, "साहेब, चोरच खबर घेऊन आलाय बघा."

दुपारी मालकांनी रीतसर फिर्याद दिली. कलम ३८१, नोकराने केलेली चोरी. संशय त्यांनी कोणावर घातला नाही, पण त्या कलमातच तो होता.

गुरुवारी सकाळी गोदामाचा राखणदार ठाण्याच्या मागच्या दाराने आला. "माझं नाव पुढं येऊ देऊ नका साहेब, पण मी डोळ्यांनी बघितलं. मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला गोदामपालानं स्वतः कुलूप काढलं. टेम्पो लावल्ता. मी म्हणलं मालकाचा हुकूम असंल."

गोदामपालाला बोलावलं. पस्तिशीचा, हडकुळा, इस्त्री नसलेला पण धुतलेला सदरा. समोर बसवून विचारलं, "मंगळवारी दुपारी चार वाजता कुठं होतात?"

"मुंबईत साहेब."

"कोणाकडे?"

"कोणाकडं न्हाई. पायी फिरून राह्यलो होतो."

हवालदार म्हणाले, "पिच्चरमधी घ्यायला लागले का काय तुला?"

त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. गेटवेच्या फुटपाथवर घेतलेलं पत्रक. 'स्वतः फिरा, जुनी मुंबई पाहा' असं काहीतरी वर छापलेलं, खाली हाताने काढल्यासारखा नकाशा आणि एक ते दहा आकडे. गाईड नको, गाडी नको. आकड्यामागून आकडा गाठत चालायचं. रजा दोन दिवसांची, सोमवारी रात्रीच्या एस.टी.ने गेला, मंगळवारी दिवसभर फिरला, रात्रीच्याच गाडीने परतला. तिकिटं? फेकून दिली. सोबत कोणी? नाही. ओळखीचं कोणी भेटलं? नाही.

"कुठं तुमचं नाव लिहिलेलं आहे का? एखाद्या वहीत, पावतीवर, लॉजवर?" हा प्रश्न मी दोनदा विचारला.

तो म्हणाला, "माझं नाव कुठंच न्हाई साहेब."

मी त्याला सगळा फेरफटका पहिल्यापासून सांगायला लावला आणि जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. मग जबाब आणि पत्रक शेजारी ठेवलं. तीन ठिकाणी मेळ बसेना. पत्रकात हुतात्मा चौकातल्या कारंज्यानंतर सहावी गोल बाग, सातवं चर्च. हा म्हणत होता आधी चर्च, मग बाग. पत्रकात टाउन हॉलला पंचवीस पायऱ्या, याच्या जबाबात तीस. पत्रकात एकूण वेळ दोन तास, याला लागले साडेचार.

आमचे निरीक्षक साहेब हुशार पण घाईचे. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि माझ्याकडे सरकवले. "पत्रक कुठून तरी मिळवलंय आणि तेही धड वाचलेलं नाही. गेलाच नाही हा. अटक दाखवा, उद्या रिमांड घ्या."

मलाही आधी तसंच वाटलं, हे कबूल करतो. मी पेन उचललंही. पण एक गोष्ट मनात अडली. खोटं सांगणारा माणूस खिशातलं पत्रक आधी पाठ करून येईल. कागद हातात असताना त्याच्या विरुद्ध सांगायचं कारण काय? शिवाय दुपारी हवालदार त्याच्या घरी चौकशी करून आले होते. वडील दोन वर्षांपासून लकव्याने खाटेवर. त्यांना दिवसातून चार वेळा उचलून बसवायला हा एकटाच. बायकोला ते वजन झेपत नव्हतं. दोन दिवसांसाठी मेहुण्याला बोलावून हा मुंबईला गेला होता. अटक झाली असती तर नोकरी जाणारच होती. पुढे निर्दोष सुटला असता तरी किल्ल्यांचं काम त्याला परत कोणी दिलं नसतं. आणि खाटेवरच्या माणसाला तेवढे महिने कोणी उचललं असतं, हे कोणत्याही कलमात बसत नाही.

मी साहेबांकडे वेळ मागितला.

"कशाला?"

"चालून बघतो साहेब."

ते हसले. "शनिवारी सकाळी दहापर्यंत. तोवर हा ठाण्यात हजेरी देईल. दहा वाजून एक मिनिटानं अटक."

स्टेशन डायरीला नोंद करून मी गुरुवारी संध्याकाळची गाडी पकडली. शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, साध्या कपड्यांत, हातात पत्रक घेऊन गेटवेसमोर उभा राहिलो.

मुंबईला मी याआधी पाच वेळा गेलो होतो. चार वेळा कोर्टाच्या कामाला, एकदा आरोपी आणायला. शहर म्हणून ते कधी पाहिलं नव्हतं. आकडा एक गेटवे. समोर पाणी, पाण्यावर लाँचा, कठड्यावर कबुतरं. आमच्याकडे मेमधलं ऊन कोरडं, अंगावर चटका देऊन जातं. इथे घामच वाळत नव्हता. तरी मी रमतगमत निघालो. काळा घोडा. मग झाडीपलीकडचा उंच मनोरा. मनोऱ्यावरच्या घड्याळाशी माझं घड्याळ जुळवून पाहिलं, दोन मिनिटांचा फरक, चूक माझ्या घड्याळाची. प्रत्येक आकड्याला मी पोहोचल्याची वेळ पत्रकाच्या कडेला लिहीत होतो. खरं सांगायचं तर तिसऱ्या आकड्यानंतर मला तपासावर असल्याचा विसर पडायला लागला होता. दगडी इमारतींच्या कमानींखालून चालताना सावली सलग मिळते, हे ज्याने बांधलं त्याला उन्हाची कल्पना असणार.

कारंज्यापाशी आलो. पत्रकाप्रमाणे पुढे गोल बाग. पूर्वेच्या रस्त्याने चालू लागलो आणि तीन-चारशे पावलांत डाव्या हाताला चर्च. बाग त्याच्या पुढे! छापणाऱ्याने सहा आणि सात उलटे टाकले होते.

चर्चमध्ये न शिरता मी आधी टाउन हॉल गाठला. रुंद दगडी पायऱ्या. खालून वर मोजल्या, तीस. खात्री म्हणून वरून खाली मोजल्या, तीस. पायरीवर बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही, सापडलंय," मी म्हणालो.

माणूस इथे येऊन गेला होता, याबद्दल मला शंका उरली नाही. पण कधी? निरीक्षक साहेब लगेच म्हणणार, गेल्या वर्षी गेला असेल. मला मंगळवार हवा होता. पायऱ्या वार सांगत नाहीत.

परत चर्चला आलो. आत गार होतं. दाराशी टेबल आणि टेबलावर पाहुण्यांची वही. झाडलोट करणारे एक वयस्कर काका म्हणाले, "या, नाव लिहा. गाव पण लिहा, फादरना आवडतं."

मी ओळखपत्र दाखवलं आणि मंगळवारचं पान काढायला लावलं. त्या दिवशी अकरा सह्या. बोट ठेवून एकेक नाव वाचलं. आमच्या गोदामपालाचं नाव नव्हतं.

मी बाकावर बसलो. पोलिसाला रिकाम्या हाताने परतायची सवय असते, पण त्या दिवशी बरं वाटेना. काकांनी पाणी आणून दिलं. ते पीत असताना सवयीने पुन्हा पान पाहिलं, या वेळी नाव सोडून गावाचा रकाना. सातव्या ओळीत 'ता. मंठा, जि. जालना'. शेवटच्या रकान्यात अभिप्राय, 'समुद्र पाहिला. फार मोठा आहे.' आणि पहिल्या रकान्यातलं नाव म्हणजे जबाबावर लिहिलेल्या गोदामपालाच्या पूर्ण नावातलं मधलं नाव, पुढे तेच आडनाव.

वडिलांचं नाव.

मी त्या शांत जागेत मोठ्याने हसलो. काका दचकले. आमच्याकडे जत्रेत, देवळात, कुठेही पावती फाडायची वेळ आली की घरातल्या थोरल्याच्या नावाने फाडतात. माझे वडील होते तोवर मी स्वतः कधी माझ्या नावाची पावती घेतली नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी त्याला विचारलं होतं, तुमचं नाव कुठे आहे का?

पानाची नक्कल केली, काकांचा आणि तिथल्या एका अधिकाऱ्याचा जबाब घेतला, वही जपून ठेवायला सांगितली. उरलेले आकडेही पुरे केले. एकूण चार तास चाळीस मिनिटं.

शनिवारी साडेआठला मंठ्यात उतरलो. गोदामपाल ठाण्याच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेला. मी नक्कल त्याच्यासमोर धरली. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं साहेब."

"मग वडलांच्या नावानं लिहिलं हे का नाही सांगितलं?"

"तुम्ही माझं नाव इचारलं. माझं न्हाईच तिथं. पोलिसासमोर खोटं कसं बोलावं?" मग खाली बघत म्हणाला, "त्येंना मुंबईचं बंदर बघायचं होतं साहेब, लई वर्षांपासून. आता उठता येत न्हाई. मी म्हणलं, तुमच्या वतीनं बघून येतो."

हवालदार कपाळावर हात मारत म्हणाले, "येडं का खुळं बे तू! त्यापायी जेलात गेला असता की."

राखणदाराला बोलावलं. त्याला काहीच न सांगता पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मंगळवार नक्की? "बिलकुल साहेब." चार वाजता? "बराबर चार." अंगात काय? "पांढरा सदरा, पायात चप्पल, कपाळाला घाम." खरं पाहिलेला माणूस एखादी गोष्ट विसरतो. हा काहीच विसरत नव्हता. जबाबावर त्याचा अंगठा घेतला आणि मग वहीची नक्कल वाचून दाखवली. त्याने पंच्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "जरा पाणी द्या."

बाकीचं वीस मिनिटांत आलं. गोदामपाल दुपारी नळावर हातपाय धुताना किल्ली खुंटीला अडकवायचा. राखणदाराने साबणाच्या वडीवर तिचा ठसा घेतला आणि परतूरहून दुसरी करून आणली. रजेचा दिवस त्याला आधीच माहीत होता. गोदामपाल कुठे जाणार, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं. घरीच असेल, असं धरून चालला होता. राखणदाराच्या साडूच्या शेतात कडब्याच्या गंजीआड पेट्या मिळाल्या. मोजल्या, बेचाळीसच्या बेचाळीस. सगळा मुद्देमाल जसाच्या तसा मिळालेले गुन्हे माझ्या नोकरीत फार थोडे.

निरीक्षक साहेबांनी कागद वाचले, "चालून बघितलंत ते बरं झालं" म्हणाले आणि चहा मागवला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे बरंच होतं.

संध्याकाळी मी गोदामपालाच्या घरी गेलो. कारण सांगायला जबाबाचा एक कागद सहीसाठी नेला होता, पण तो दुसऱ्या दिवशीही चालला असता. वडिलांना त्याने उचलून भिंतीला टेकवून बसवलं. म्हातारबुवांची डावी बाजू गेलेली, बोलणं जड पण समजणारं.

"साहेब, तुम्ही बी जाऊन आले म्हणं?"

"हो, कालच."

"ह्याला सांगता येत न्हाई बघा. दोन वाक्यांत संपवतो. म्हणतो, मोठं पाणी है, दगडी घरं हैत. बस. तुम्ही सांगा बरं."

मी टोपी काढून खाटेशेजारी बसलो. गेटवेपासून सुरुवात केली. मध्ये मध्ये ते थांबवायचे. पाण्याचा रंग कसा, लाँचीत किती माणसं बसतात, दगड काळा की पिवळा. मुलगा उंबऱ्यात बसून ऐकत होता आणि मी काही चुकलो की दुरुस्त करत होता. सव्वा तास लागला.

त्या तपासाने माझी एक सवय बदलली. तोवर मला वाटायचं, प्रश्न नेमका असावा. नेमकाच असावा, पण नेमक्या प्रश्नाला प्रामाणिक माणूस नेमकं तेवढंच उत्तर देतो, आणि आपण त्याला लपवालपवी समजतो. म्हणून पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जबाबाच्या शेवटी, सही घेण्याआधी, मी पेन खाली ठेवून एक प्रश्न विचारत आलो, "मी काय विचारायचं राहिलं?"

बहुतेक जण "काही न्हाई साहेब" म्हणून उठायला लागतात. एखादा मात्र खुर्ची जरा पुढे ओढतो.