खुब्याची उथळ वाटी

बोईसरच्या त्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरचा मला मनापासून तिटकारा होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शेजारच्या गाळ्यात माझं फिजिओथेरपीचं ‘दुकान’. हा शब्द त्याचा. पोटात मुलगा आहे की मुलगी हे विचारायला त्याच्याकडे रांग लागायची आणि तो सांगायचाही, दात काढत. मुलगी सांगितली की पुढच्या महिन्यात ती बाई रिकामी झालेली असायची.

नवापूरची एक सासू आणि सून दोन महिन्यांची मुलगी घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीचा डावा पाय बाहेरच्या बाजूला उघडत नव्हता. सासू रोज तेल चोळून, पाय सरळ व्हावेत म्हणून दोन्ही जुळवून फडक्यात करकचून बांधायची. खुब्याची वाटी उथळ असेल तर याहून वाईट काही नाही. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसत नाही आणि पोर जन्मभर लंगडते. एवढ्या कोवळ्या हाडांचं एक्स-रेत धड काही दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. नाक मुठीत धरून मी शेजारी गेले.

“खुबा? मी पोटं बघतो,” तो म्हणाला.

मी हटले नाही. शेवटी कपाळाला आठ्या घालून त्याने मशीनचा प्रोब मुलीच्या खुब्यावर टेकवला. मी तिला कुशीवर धरून पडद्याकडे पाहत होते. वाटी उथळच होती आणि गोळा पार काठाशी आलेला.

हाडांच्या डॉक्टरांनी पाय फाकलेले ठेवणारा पट्टा दिला. आठवड्याने त्या तो घेऊन माझ्याकडे आल्या. मी बांधायला घेतला, तर सासूने माझा हात झटकला.

“काय नाय झालंय पोरीला. त्या शेजारच्या डाक्टरनंच आमाला पोरगा सांगितलेला. खोटारडा हाय तो!”

माझं डोकं फिरलं. त्या बाईला नातीची काळजी नव्हती, नुसता फसवल्याचा राग होता. “पोरीला लंगडी करून घरात बसवायचीय का?” मी ओरडले.

“आमची पोरं आमी वाढवलीत. तुला हायत काय पोरं, बाय?”

मला नव्हती. त्या क्षणी मी तिला ढकलून बाहेर काढलं असतं. आणि सून मान खाली घालून गप्प उभी! तिचा तर मला सासूहून जास्त संताप आला.

मग सुनेने माझ्या हातातला पट्टा घेतला आणि मुलीच्या पायात चढवू लागली.

“आये,” वर न बघता ती म्हणाली, “तवा तो खरा बोलला असता, तर ही असती काय?”