दोन फाकांची डिस्क

शेजारच्या सुभेदारांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली, तेव्हा मी नुकताच ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालो होतो. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेलो, घरात बसून नुसती चिडचिड व्हायची. दोघांनी मिळून अंबडच्या एका शेडमध्ये ती उघडली. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. अडलं ते चाकांवर.

मी म्हटलं, टायर ज्यांवर चढतो त्या लोखंडी डिस्क साध्या, एकसंध टाकू आणि बाजारात मिळतील ते टायर चढवू. सुभेदार उसळले.

"तरुणपणी मी हीच गाडी चालवलीय. हिला दोन फाकांचीच डिस्क पाहिजे, आणि जाड आडव्या पट्ट्यांचा टायर. नाहीतर लग्नाच्या वरातीतली गाडी दिसेल!"

दोन फाकांची म्हणजे थाळ्यांसारखे दोन भाग टायरच्या दोन्ही बाजूंनी बसवायचे आणि आठ नटांनी एकमेकांना आवळायचे. पंक्चर झालं तर नट काढले की टायर मोकळा. पण आत हवा असताना ते नट सैल केले, तर वरची फाक उडून समोरच्या माणसाचा जीव घेते. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

मनमाडच्या एका भंगारवाल्याकडे तशी पाच चाकं सापडली. रबराला भेगा, टायर लाकडासारखे टणक. ट्यूब धड आहे हे दाखवायला त्याने एकात हवा भरली होती. टेम्पोतून उतरवताना पाचही चाकं चिखलात लोळली, आणि हवा भरलेलं कुठलं, हे कळायला मार्ग उरला नाही.

जुना टायर काढायला आम्ही एक चाक आग्रा रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं. तो पस्तिशीचा, हरसूलकडचा. अशी डिस्क त्याने कधी पाहिली नव्हती.

"काका, हवा हाय का यात?"

मी वॉल्व्हची पिन खिळ्याने दाबली. काही सुटलं नाही. आत चिखल बसलाय, हे लक्षातच आलं नाही. टायर कडक लागला, पण कडक तर पाचही लागत होते.

"नाही. खोल."

सहाव्या नटाला त्याने पाना लावला आणि माझ्या छातीत धक्का बसला. कान बंद झाले. वरची फाक छपराचा पत्रा फाडून गेली. जाताना तिने त्याचा उजवा हात कोपरापासून उलटा फिरवला होता आणि जबडा फोडला होता. तो मागे कोसळला. तोंडातून रक्त आणि दात बाहेर येत होते. कोपराजवळ हाड दिसत होतं.

सुभेदारांनी कमरेचा पट्टा काढला आणि गुडघ्यावर बसून त्याच्या दंडाला आवळून धरला. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ चहाच्या टपरीवरून धावत आला, दारातली टायर उचकटायची लोखंडी टॉमी उचलून.

"कोन बोललं खोल म्हणून? कोन?"

उत्तराची वाट न बघता त्याने सुभेदारांच्या खांद्यावर टॉमी हाणली. ते कळवळले, पण पट्टा सोडला नाही. त्याने पुन्हा हाणली.

"मी बोललो," मी ओरडलो. "त्यांना सोड. मी."

तिसरा फटका माझ्या बरगड्यांवर बसला. मी खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या. लोकांनी त्याला ओढून बाजूला केलं, तेव्हा मला वाईट वाटलं. अजून मारायला हवं होतं.

पंक्चरवाल्याचा हात कापावा लागला नाही, पण कोपर वाकेनासं झालं. पोलिसांत कुणीच तक्रार दिली नाही. तीन महिन्यांनी मी त्याच्या खोलीवर गेलो. बायकोने दार उघडलं आणि आत निघून गेली. त्याचा तारेने बांधलेला जबडा नुकताच सोडवला होता. शब्द चावल्यासारखे येत होते.

"काका, तुमाला म्हाईत होतं ना?"

"होतं."

"मंग?"

"घाई केली मी."

त्याने ताठ कोपर डाव्या हाताने मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "बाकीची चार कुठं हाईत?"

"शेडमध्ये."

"कोनाला इकू नका. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये खुर्ची टाकून माझ्यासमोर बसला. प्रत्येक चाकाचा वॉल्व्ह त्याने मला आतल्या पिनेसकट काढायला लावला, आत तार घालायला लावली, मगच नट खोलू दिले. चौथ्याच्या वेळी मी तार आपणहून दोनदा घातली. टायर निघाल्यावर मी डिस्क गॅस कटरने कापल्या, पाचवीच्या दोन्ही वेगळ्या फाकासुद्धा. ठिणग्या उडताना तो पापणी हलवत नव्हता. सुभेदार दारात उभे होते. शेवटचा तुकडा पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "साध्या आणा."

टायर त्यानेच निवडले. सोळा इंची, रुंद खाचांचे, नवे. चढवायला त्याचा भाऊ आला. तो माझ्याशी बोलला नाही, आजही बोलत नाही. हवा भरताना मी मीटर बघायला पुढे वाकलो, तर त्याने माझ्या छातीवर पंजा ठेवून मला भिंतीपर्यंत मागे ढकललं. बरगडी पुन्हा ठणकली. मग तो एकटाच चाकाकडे वळला.